एक एकर बाईच्या हाती

३० सप्टेंबर १९९३. किल्लारीच्या भूकंपानंतर घरं उभारताना गावोगावच्या बायका 'संवाद सहायक', म्हणजे गावकरी आणि सरकार यांच्यातला दुवा, झाल्या. बांधकामावर देखरेख ठेवता ठेवता त्या खूप शिकल्या. याच कामातून प्रेमा गोपालन यांची 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था वाढली. आज सोलापूर जिल्ह्यातही ती काम करते.

मला सगळ्यात भावतं ते या संस्थेचं 'एक एकर मॉडेल'. ऊस-सोयाबीनच्या रानातला अर्धा-एक एकर बाईच्या ताब्यात. तिथं भाजीपाला, डाळी, ज्वारी. घरचं बियाणं, गांडूळखत, जीवामृत. आधी घरच्यांचं पोट, उरलेलं बाजारात! काय पेरायचं हे बाई ठरवते, खरा बदल हाच. २०१७ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.