पाचवा आला, केस बदलली!

माहीत आहे का? चौघांनी मिळून लुटलं तर जबरी चोरी, पण पाचवा भिडू सामील झाला की थेट दरोडा! धाक तोच, ऐवज तोच. फक्त डोकी मोजायची. एरवी पाचामुखी परमेश्वर, इथे पाचामुखी जबर शिक्षा.

किती जबर? दरोडा घालताना एकाने खून केला, तरी फाशी पाचही जणांना होऊ शकते. भारतीय न्याय संहिता, कलम ३१०(३).

आणि पेपरात वाचता ना, ‘दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद’? अजून कडी-कोयंडाही हललेला नसतो. तरी नुसत्या तयारीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी!

आता ऑल टाइम सुपरहिट केस. कलकत्ता, १९२३. शांखारीटोला पोस्टात पोस्टमास्तर पैसे मोजत बसलेले. हल्लेखोर आले, पैसे मागितले, गोळ्या झाडल्या, पोस्टमास्तर ठार. पकडला गेलेला बरेंद्रकुमार घोष म्हणाला, मी तर बाहेर उभा होतो, घाबरलेलो होतो! अपील पार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. लॉर्ड समनर यांनी चक्क कवी मिल्टनचा दाखला दिला आणि ठरवलं: बेतात सामील होऊन दाराशी थांबणाराही खुनाचा तितकाच वाटेकरी. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३४, म्हणजे सामाईक इराद्याचं कलम म्हटलं की वकिलांच्या तोंडी आजही हीच केस.

म्हणजे गुन्ह्याच्या जागी दिसला की अडकला? अजिबात नाही! सामाईक इरादा सिद्ध व्हावाच लागतो, आणि मला कायद्याचा हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. महाराष्ट्रातलंच एक प्रकरण घ्या. खुनाच्या खटल्यात चार आरोपी. हायकोर्टात तिघे सुटले, चौथा मात्र ‘त्या तिघांसोबत’ दोषी! १९६३ साली सुप्रीम कोर्टाने विचारलं, ते तिघे नव्हतेच, तर याने इरादा वाटून घेतला कुणाशी? चौथाही सुटला.

कटाचा हिशोब सोपा: किमान दोन. एकट्याचा कट होतच नाही. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात तर फक्त नवरा-बायकोचाही कट होत नसे, कारण दोघं मिळून व्यक्ती एकच! आपल्याकडे अशी सवलत नाही. जोडीने ठरवलंत, तर जोडीने आत.

शेवटचा फटाका! १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत फेमस ‘चौतीस’चा नंबर बदलून ३(५) झालाय. त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले मात्र अजूनही जुन्याच नंबरावर चालतात. त्यामुळे कोर्टात सध्या दोन्ही आकडे जोरात!