बन्नूर आणि उचगाव : दोन लुप्त मतदारसंघ

मतदारसंघाला हद्द असते तसे नावही असते; आणि नावामागे स्मृती उभी असते. या दृष्टीने म्हैसूर जिल्ह्यातील बन्नूर आणि बेळगाव जिल्ह्यातील उचगाव या कर्नाटक विधानसभेच्या दोन मतदारसंघांचा शेवट एकत्र पाहण्याजोगा आहे. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली फेररचना २००८ च्या निवडणुकीत अमलात आली. एकूण जागा २२४ च राहिल्या. ही दोन नावे मात्र यादीतून गेली.

बन्नूर हा जुन्या म्हैसूर संस्थानाचा मुलूख. १८८१ मध्ये प्रतिनिधी सभा स्थापन करणारे हे संस्थान प्रातिनिधिक संस्थांना अपरिचित नव्हते. परंपरा बन्नूरला व्यासतीर्थांचे जन्मस्थान मानते. फेररचनेनंतर हे गाव टी. नरसीपूर या राखीव मतदारसंघात गेले. शेजारी वरुणा हे नवे नाव उदयास आले व सिद्धरामय्यांमुळे सर्वतोमुखी झाले. येथे नाव बदलले, पण मतदाराची भाषिक ओळख पणाला लागली नाही.

उचगावची गोष्ट निराळी. १९५६ पर्यंत हा प्रदेश मुंबई राज्यात होता. राज्यपुनर्रचनेने तो म्हैसूर राज्यात आला. महाराष्ट्र एकीकरण समितीचे बी. आय. पाटील येथून एकाहून अधिक वेळा निवडून आले. येथील मत हे प्रतिनिधीची निवड असे, तसेच सीमाप्रश्नावरील निवेदनही असे. पुढे उचगाव बेळगाव ग्रामीण मतदारसंघात हिरेबागेवाडीकडील कन्नडभाषक गावांशी जोडले गेले आणि त्या निवेदनाचे संख्याबळ विरले. समितीतील फाटाफुटीचा वाटाही येथे नाकारता येत नाही. सारा दोष हद्दीवर टाकणे सोपे, परंतु अपुरे होय.

परिसीमनाचा कायदा लोकसंख्या, भौगोलिक सलगता, प्रशासकीय सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय पाहतो. भाषा हा त्याचा निकष नाही. आयोगाच्या आदेशाला न्यायालयात आव्हान देण्यासही त्यात मज्जाव आहे. म्हणूनच एकाच नियमाने बन्नूरात केवळ व्यवस्था बदलली, तर उचगावात एका भाषिक समूहाचा विधिमंडळातील आवाज क्षीण झाला.

तथापि उचगावात मराठी साहित्य संमेलने भरतच राहिली. मतपत्रिकेवरून पुसलेले नाव संमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेवर टिकले. साहित्य हे प्रतिनिधित्वाची जागा घेऊ शकत नाही. परंतु प्रतिनिधित्व हरपल्यावर समूह स्वतःला कोठे नोंदवतो, हे समजण्यासाठी अभ्यासकाने या निमंत्रणपत्रिकाही वाचल्या पाहिजेत.