ठिबकच्या नळीतली काजळी

चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटमुळे माळशिरस तालुक्यातलं श्रीपूर साखरेचं गाव म्हणून ओळखलं जातं. सोलापूरच्या अशा बागायती पट्ट्यात उसाच्या जोडीला आता प्लॅस्टिकही रुजलं आहे: ठिबकच्या नळ्या, टोमॅटो-कलिंगडाखालचा मल्चिंग पेपर, शेततळ्याचा कागद. नळ्या आणि तळ्याचा कागद काळा असतो तो त्यात दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक, म्हणजे अतिसूक्ष्म काजळी, मिसळलेली असते म्हणून. तिचा मूळ कण साधारण 20 नॅनोमीटरचा. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या कणांपासून मातीला धोका किती, हे ठरवताना आपण बहुधा चुकीची वस्तू तपासतो, असं माझं म्हणणं आहे. प्रयोगशाळेत कोरी भुकटी पाण्यात कालवून ती गांडुळांना, शेवाळाला किती बाधते ते पाहतात. रानात मात्र सुटी काजळी क्वचितच येते. उन्हानं प्लॅस्टिकचे लांब रेणू तुटतात, कागद कडक होऊन तडकतो आणि काजळी पोटात घेतलेले तुकडे मातीत मिसळतात. पुढची प्रत्येक नांगरट त्यांना आणखी बारीक करते. तपासायला हवेत ते हे म्हातारे तुकडे.

यावर जाणकार म्हणतील, काजळीच तर प्लॅस्टिकला उन्हापासून वाचवते. ती काढली तर तुकडे लवकर पडतील. हे अगदी खरं आहे, म्हणूनच काजळीवर बंदी घाला असं मी म्हणत नाही. दुसरा आक्षेप असा की काळ्या मातीत नॅनो आकाराचे चिकणकण मुळातच असतात, पाचट जाळलं की काजळीही पडते. त्यात चिमूटभर भर पडली तर काय बिघडलं? पण या तुकड्यांत प्लॅस्टिक आहे, त्यातली इतर रसायनं आहेत, आणि ते वर्षानुवर्षं कुजत नाहीत. शिवाय धोका कणाच्या विषारीपणाइतकाच साठ्यावरही ठरतो. दर हंगामाला थोडं राहिलं तरी साठा वाढतच जातो, आणि एका वर्षाच्या मोजणीत तो दिसत नाही. पाण्याची बचत हा मोठाच फायदा. अवर्षणाच्या या जिल्ह्यात ठिबक सोडा असं कोणी सांगू नये. मात्र ठिबकची नळी जाड असते, गुंडाळून भंगारात देता येते. खरी काळजी 25-30 मायक्रॉनच्या मल्चिंग पेपरची आहे. तो काढताना हातात फाटतो, उरलेला बांधावर जाळला जातो. बाजारातली पिशवी 120 मायक्रॉनपेक्षा पातळ नको, असा नियम 31 डिसेंबर 2022 पासून लागू आहे. तेवढी कडक नजर रानातल्या कागदावरही हवी. नॅनो खतं-औषधांच्या तपासणीसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं 2020 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. तीच शिस्त वापरून झालेल्या मल्चिंग पेपरला लावून, राहुरीचं कृषी विद्यापीठ किंवा सोलापूरचं डाळिंब संशोधन केंद्र त्याच रानाची माती सलग काही हंगाम तपासू शकेल.