पाळणा लांबवण्याची गोळी आणि महिन्याची पाळी



लागण, खोडवा, खत आणि पाणी यांविषयी आपण या पानांवर नेहमी वाचता. आजचा विषय घरातला आहे. बायकांचा विषय म्हणून पुरुषमंडळींनी पान उलटू नये. दवाखान्यात कधी जायचे आणि पैसे कशावर खर्चायचे, हे अजून पुष्कळ घरांत पुरुषच ठरवतात.

पाळणा लांबवण्यासाठी गोळी किंवा इंजेक्शन सुरू केले की पाळी बदलते. कुणाला मध्येच डाग पडतो, कुणाचे अंगावरून कमी जाते, तर कुणाची पाळीच थांबते. मग शेजारीण म्हणते, "अगं, ते रक्त पोटात साठतंय. गाठ होईल!" भीतीने गोळ्या अर्ध्यावर सुटतात आणि नको असताना दिवस जातात. म्हणून खरे काय ते समजून घेऊ.

पाळी येते कशी?

बीजकोशातल्या संप्रेरकांमुळे, म्हणजे हार्मोन्समुळे, दर महिन्याला गर्भपिशवीला आतून मऊ अस्तर चढते. लागणीआधी आपण रान तयार करतो, तशीच ही गर्भासाठीची तयारी. गर्भ राहिला नाही की संप्रेरके उतरतात, अस्तर सुटते आणि रक्ताबरोबर बाहेर पडते. हीच पाळी.

गोळीत तशीच संप्रेरके असतात. त्यांच्यामुळे बीज बाहेर पडत नाही आणि अस्तरही पातळ राहते. अस्तरच पातळ, तर बाहेर काय पडणार? रक्त पोटात साठत नाही. ते अस्तर तयारच होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कशाने काय बदलते?

माला-एन : पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ संप्रेरकाच्या आणि ७ लोहाच्या, गडद रंगाच्या. लोहाच्या गोळ्या चालू असताना पाळी येते. ती बहुधा कमी दिवसांची आणि कमी दुखणारी असते. पहिले २-३ महिने मध्येच डाग पडू शकतो. गोळी चुकली तरीही पडतो. रोज ठरल्या वेळी गोळी घ्यावी.

अंतरा इंजेक्शन : दर ३ महिन्यांनी घ्यायचे. सुरुवातीला पाळीचा काही नेम राहत नाही. वर्षभरानंतर जवळजवळ निम्म्या बायकांची पाळी थांबते. त्यात अपाय नाही. इंजेक्शन बंद केल्यावर मात्र पाळी सुरळीत व्हायला आणि दिवस राहायला काही महिने जातात.

छाया : लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ही गोळी संप्रेरकाची नव्हे. पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा घ्यायची. हिने पाळी लांबू शकते.

तांबी : हिच्यातही संप्रेरक नाही. उलट सुरुवातीचे काही महिने अंगावरून जास्त जाऊ शकते.

दवाखाना केव्हा गाठावा?

८ दिवसांपेक्षा जास्त किंवा नेहमीच्या दुप्पट रक्त जात असेल, संबंधानंतर रक्त जात असेल, किंवा गोळ्या चुकल्या आणि पाळीही आली नाही, तर तपासून घ्यावे. गोळी चालू असताना छातीत दुखणे, एक पाय सुजून दुखणे, एकाएकी भयंकर डोके दुखणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रक्तदाब जास्त असेल, बाळ ६ महिन्यांच्या आतले अंगावर पीत असेल, किंवा पस्तिशीनंतर विडी-सिगारेट ओढण्याची सवय असेल, तर माला-एन घेऊ नये. दुसरे साधन विचारावे.

पिशवी काढण्याची घाई नको

ही माहिती आपल्या फडात येणाऱ्या तोडणी टोळ्यांतल्या बायांपर्यंतही पोचली पाहिजे. २०१९ साली शासनाच्या समितीसाठी बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीत काम होईना, खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणून कायमची कटकट मिटवावी, हे त्यामागचे एक कारण पुढे आले.

खरे तर पाळीत जास्त रक्त जाण्यावर पुष्कळदा गोळ्यांनीच आराम पडतो. आधी तपासणी, मग औषध, आणि ऑपरेशन सगळ्यांत शेवटी. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर तरुण वयातच हाडे ठिसूळ होऊ लागतात. मग कोयता काय आणि पाण्याची घागर काय, दोन्ही जड जातात.

माला-एन, छाया, अंतरा आणि तांबी ही साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. आशाताईंना किंवा उपकेंद्राच्या नर्सबाईंना विचारायला लाज कसली? पाळीत फरक पडला, तर शेजारणीच्या आधी त्यांनाच विचारावे.