कळसूबाईची ओटी आणि पूजेचा अधिकार

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघरी घट बसतात आणि भंडारदऱ्याच्या परिसरातील पाऊलवाटा कळसूबाईकडे वळू लागतात. विल्सन धरणाच्या जलाशयापासून फार दूर नसलेल्या बारी गावातून चढण सुरू होते. अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत, आणि १६४६ मीटर उंचीच्या, महाराष्ट्रातील या सर्वांत उंच शिखरावर देवीचे इवलेसे देऊळ आहे. नवरात्रात येथे जत्रा भरते. खण-नारळाची पिशवी सांभाळीत शिड्या चढून आलेल्या मायभगिनी आपल्या हाताने देवीस हळदकुंकू वाहतात आणि तिची ओटी भरतात.

या देवीची कथा मोठी विलक्षण आहे. कळसू ही रानावनात रमणारी एक कोळी कन्या. डोंगराच्या पायथ्याशी इंदोरे येथे एका कुटुंबात ती कामास राहिली, ती एका अटीवर : भांडी घासण्यास व केर काढण्यास आपणांस कोणी सांगू नये. काही काळ सुरळीत गेला. मग एके दिवशी घरातील कोणी तिला तीच कामे सांगितली. तिने ती मुकाट्याने केली आणि तडक डोंगर गाठला. अखेरपर्यंत ती शिखरावरच राहिली. जेथे तिने भांडी घासली ते स्थळ थाळेमेळ आणि जेथे केर काढला ते काळदरा, असे सांगितले जाते. दिलेला शब्द मोडला म्हणून जी घर सोडून गेली, तिच्यापुढे आज अवघा परिसर हात जोडतो. लोकमानसाने तिला हट्टी ठरविले नाही, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

आता आपल्या देवघराकडे पाहू. काळी माती चाळून घेणे, धान्य पेरणे, रोज माळ बांधणे, नंदादीप रात्रंदिवस तेवत ठेवणे, फुलोऱ्याच्या कडाकण्या तळणे, आणि हे सारे उपवास सांभाळून. नवरात्राचा हा भार बहुतेक घरी गृहिणीच वाहते. परंतु संकल्पाचे उदक सोडावयाची वेळ आली की ती यजमानांच्या हातास हात लावून बसते. यजमान परगावी असतील तर शेजारचा मुंज झालेला मुलगा बोलाविला जातो. नऊ दिवस देवीची सेवा जिने करावयाची, तिला स्वतःच्या नावाने पूजा सांगता येऊ नये, हे देवीला तरी रुचत असेल काय?

हाच प्रश्न आपल्या जिल्ह्यात काही वर्षांपूर्वी फार मोठ्या आवाजात विचारला गेला. नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर २८ नोव्हेंबर २०१५ रोजी एका स्त्रीने जाऊन दर्शन घेतले आणि त्यानंतर तेथे शुद्धीचा अभिषेक झाला. पुढे आंदोलने झाली, मोर्चे अडविले गेले. ज्येष्ठ कार्यकर्त्या विद्या बाळ व ॲड. नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१६ रोजी निर्णय देऊन, १९५६ च्या मंदिर-प्रवेशाच्या कायद्याची अंमलबजावणी करण्याचे कर्तव्य शासनाचे आहे, हे स्पष्ट केले. त्यानंतर ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थानाने चौथरा स्त्रियांस खुला केला. विशेष असे की तोवर समानतेसाठी पुरुषांनाही वर जाण्यास मनाई केली गेली होती, आणि पाडव्याच्या परंपरेप्रमाणे गोदावरीचे जल घेऊन आलेल्या ग्रामस्थांनी त्या दिवशी ती बंदी मोडली होती. देवास स्पर्श करण्यावाचून राहवत नाही, हे पुरुषांस त्या वेळी स्वानुभवाने कळले असावे.

परंपरेच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे सरसकट मोडीत काढणे बरे नव्हे. सोवळ्याची शिस्त, प्रत्येक दैवताचे निराळे उपचार, कुळाचे कुळाचार यांना अर्थ आहे. मंगळागौर स्त्रियांनीच पुजावी, ओटी स्त्रियांनीच भरावी, यात कोणास अन्याय वाटत नाही. निराळेपणा सुखाने चालतो. परंतु तो एकाच बाजूला दाराबाहेर उभे करू लागला की त्यास धर्माचे नाव देणे अवघड होते. त्याच नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. वेद स्त्रीशूद्रांच्या कानी जात नाही म्हणून माउलींनी त्यास कृपण म्हटले, आणि हे उणे गीतेने भरून काढले, असे सांगितले. त्यांच्या धाकट्या बहिणीस, मुक्ताबाईस, योगी चांगदेवांनी गुरू केले.

आणि स्त्रीने मंत्र म्हटला तर काय होते, हे पाहण्यास दूर जावयास नको. शिर्डीजवळच्या साकुरी येथे उपासनी महाराजांनी कन्याकुमारी स्थान उभारून कन्यांस वैदिक कर्मांचे शिक्षण दिले. १९४१ मध्ये महाराज समाधिस्थ झाल्यावर १९९० पर्यंत सती गोदावरी मातांनी या स्थानाची धुरा वाहिली. तेथे यज्ञ कन्यांच्या हातून झाले. पुण्यातही १९७० च्या दशकात स्त्रियांना पौरोहित्य शिकविण्यास आरंभ झाला, आणि आज त्यांच्याकडून वास्तुशांत, विवाह करवून घेणारी घरे अनेक आहेत.

तथापि, चौथरा व मंत्र याहूनही जवळचे एक दुःख आहे. सवाष्णींस कुंकू लावले जात असता, घरातील विधवा माउली स्वयंपाकघरात पुरण वाटीत असते. आजन्म जिने घट राखला, तिचा हात पती गेल्याच्या दुसऱ्या वर्षी अशुभ ठरतो. ज्या अहिल्यादेवींचे नाव आपल्या जिल्ह्यास मिळाले, त्या चौंडीच्या कन्येस १७५४ मध्ये वैधव्य आले, आणि काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले ते त्यांनीच. त्यांच्या हातचे देवालय पवित्र, मग आपल्याच आईच्या हातची हळद अपवित्र कशी? कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला व शासनाने त्याच महिन्यात इतर गावांसही तसे करण्याचे आवाहन केले. ठराव ग्रामपंचायतीत होतो. तबक मात्र घरातच पुढे करावे लागते.

यंदा घटापुढे संकल्प सोडताना नाव कोणाचे घ्यावयाचे आणि अष्टमीची ओटी प्रथम कोणाच्या हातून जावयाची, हे ठरविण्यास सर्वपित्रीची सायंकाळ पुरेशी आहे. गुरुजींना एक दिवस आधी कळविले म्हणजे झाले. संकल्पात गृहिणीचे गोत्र व नाव उच्चारणे त्यांस काही अवघड नाही.