जुन्या संगणकावरचे रिमोट लॉगिन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दूरच्या संगणकावर लॉगिन करून युनिक्सच्या कमांड चालवण्याचे आज सर्वत्र रूढ असलेले साधन म्हणजे एसएसएच. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड टिपून घेतल्याचे उघड झाल्यावर तेथील तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये ते लिहिले. ओपनबीएसडी प्रकल्पाने डिसेंबर १९९९ मध्ये त्याची खुली आवृत्ती काढली, ती ओपनएसएसएच. आजच्या लिनक्स, मॅक आणि विंडोजवर हीच असते, आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या लिनक्स किंवा मॅक डेस्कटॉपवरही हीच, फक्त जुनी. नवा आणि जुना संगणक एकमेकांशी जुळेनासे झाले की ‘मशीन म्हातारे झाले’ असा निकाल लावून ते भंगारात काढले जाते. बहुतेक वेळा यंत्रात काहीच बिघडलेले नसते. लॉगिन ठरलेल्या टप्प्यांनी होते: आधी जोडणी, मग सांकेतिकीकरणाची बोलणी आणि समोरच्या यंत्राची ओळख, मग वापरकर्त्याची खातरजमा, शेवटी टर्मिनल. गाडी कोणत्या टप्प्यावर अडली ते कळले की निम्मे निदान झाले, आणि पडद्यावरचा संदेश बहुधा तेच सांगत असतो.

‘लागत नाही म्हणजे नेटवर्क बंद आहे’ हा सर्वांत प्रचलित गैरसमज. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ हा संदेश उलट नेटवर्क चालू असल्याचा पुरावा आहे. विनंती पलीकडे पोहोचली आणि तिथून स्पष्ट नकार आला, म्हणजे बहुधा एसएसएचची सेवाच सुरू नाही. जुन्या मॅकवर सिस्टीम प्रेफरन्सेसमधल्या शेअरिंगमध्ये ‘रिमोट लॉगिन’ला खूण केलेली नसली की नेमके हेच दिसते. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’चा अर्थ वेगळा: उत्तरच आले नाही. यंत्र बंद किंवा झोपलेले असेल, पत्ता चुकला असेल किंवा मधल्या फायरवॉलने विनंती गुपचूप टाकून दिली असेल. पहिल्या प्रसंगी सेवा तपासायची, दुसऱ्या प्रसंगी वाट तपासायची. दोन्ही प्रसंगी राउटर बंद-चालू करत बसण्यात वेळ जातो.

जोडणी लागते की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. टेलनेट किंवा नेटकॅटने पलीकडच्या २२ क्रमांकाच्या पोर्टला हाक मारली की एसएसएच सेवा स्वतःहून एक ओळ पाठवते. तिच्यात प्रोटोकॉलची आवृत्ती असते आणि बहुधा सॉफ्टवेअरचे नाव व क्रमांकही. ‘२.०’ असेल तर सर्व्हर फक्त दुसरा प्रोटोकॉल बोलतो, ‘१.९९’ असेल तर पहिला आणि दुसरा दोन्ही. पुढचे सगळे निदान या एका ओळीवर उभे राहते, म्हणून ती आधी टिपून ठेवणे फार उपयोगाचे. टेलनेटचा उपयोग मात्र इथपर्यंतच. ‘घरातल्या नेटवर्कवर टेलनेटने लॉगिन केले तर काय बिघडते’ हे म्हणणे चूक आहे, कारण त्यात पासवर्ड उघड्या अक्षरांत जातो आणि त्याच नेटवर्कवरचे कोणतेही बाधित उपकरण तो वाचू शकते.

सर्वाधिक गोंधळ उडतो तो बोलणीच्या टप्प्यावर. ‘युनेबल टू निगोशिएट’ असे म्हणून नवा संगणक जोडणी तोडतो आणि जुना सर्व्हर बिघडला असे वाटते. प्रत्यक्षात जुना सर्व्हर पूर्वीसारखाच चालू असतो, बदललेला असतो तो नवा क्लायंट. ऑगस्ट २०१५ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ७.० ने डीएसए प्रकारच्या किल्ल्या आणि ‘डिफी-हेलमन ग्रुप १’ ही १०२४ बिटांची किल्ली-देवाणघेवाण मूळ मांडणीतून काढून टाकली. सप्टेंबर २०२१ च्या ८.८ ने शा-१ वर आधारलेली आरएसए सही बंद केली. पहिला प्रोटोकॉल २०१७ मध्ये ७.६ मधून, तर डीएसए २०२५ मध्ये १०.० मधून समूळ गेला. या पद्धती आता सुरक्षित राहिल्या नाहीत, म्हणून हे बदल झाले. त्याच संदेशात पुढे ‘देअर ऑफर’ असे लिहून समोरच्या सर्व्हरला येणाऱ्या पद्धतींची यादी दिलेली असते. ती न वाचता सॉफ्टवेअर पुन्हा-पुन्हा बसवणे व्यर्थ आहे.

यावरचा चुकीचा उपाय म्हणजे जुन्या सगळ्या पद्धती सगळ्या सर्व्हरांसाठी सरसकट चालू करणे. वापरकर्त्याच्या एसएसएच कॉन्फिग फाइलमध्ये त्या एकाच यंत्राच्या नावाने वेगळा भाग करावा आणि यादीत दिसलेली पद्धत अधिकचे चिन्ह लावून तेवढ्यापुरती जोडावी. बाकीच्या जोडण्यांचे संरक्षण अबाधित राहते. जुने यंत्र थेट इंटरनेटवर उघडे ठेवावे लागत असेल तर हाही उपाय पुरेसा नाही. मध्ये एखादे अद्ययावत यंत्र ठेवून त्याच्यामार्गे जाणे बरे, आणि ओपनएसएसएच ७.३ पासून त्यासाठी ‘प्रॉक्सीजंप’ची सोय आहे.

शा-१ च्या बदलातून ‘आरएसए किल्ल्या रद्द झाल्या’ अशी समजूत पसरली. रद्द झाली ती सही करण्याची जुनी रीत. तीच आरएसए किल्ली शा-२ च्या रीतीने आजही चालते, फक्त ती रीत ओपनएसएसएचमध्ये ७.२ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे. त्यामुळे उलट दिशेने, जुन्या डेस्कटॉपवरून नव्या सर्व्हरकडे जाताना, चांगली आरएसए किल्लीही नाकारली जाते आणि कारण न सांगता केवळ ‘परमिशन डिनाइड’ दिसते. नवीन ईडी२५५१९ किल्ली बनवावी तर ती २०१४ च्या ६.५ पूर्वीच्या आवृत्तीला माहीतच नाही. अशा अधल्यामधल्या यंत्रांसाठी ईसीडीएसए हा प्रकार कामी येतो. तो २०११ च्या ५.७ पासून आहे आणि आजच्या सर्व्हरांनाही चालतो.

नव्या संगणकावर बनवलेली किल्ली जुन्यावर नेली की कधी कधी सांकेतिक शब्द नसतानाही तो विचारला जातो आणि किल्ली खराब झाल्याचा संशय येतो. ऑगस्ट २०१८ च्या ७.८ पासून खासगी किल्ली नव्या मांडणीत लिहिली जाते आणि ६.५ पूर्वीच्या आवृत्त्यांना ती वाचता येत नाही, एवढेच त्यामागचे कारण. आरएसए किंवा ईसीडीएसए किल्ली बनवतानाच जुनी ‘पेम’ मांडणी मागता येते.

पलीकडच्या यंत्राची ओळख बदलल्याचा मोठ्या अक्षरांतला इशारा पाहून काही जण घाबरतात, तर काही जण न वाचता त्या यंत्राची जुनी नोंद पुसून पुढे जातात. इशाऱ्याचा अर्थ हल्ला झालाच असा नाही. पलीकडे ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने बसवली असेल किंवा डीएचसीपीने तोच पत्ता दुसऱ्या यंत्राला दिला असेल तरी तो येतो. पण हल्ला झाला तरीही हाच इशारा येतो, म्हणून नोंद पुसण्याआधी त्या यंत्राच्या किल्लीचा ठसा (फिंगरप्रिंट) पडताळणे आवश्यक आहे. इथे जुन्या यंत्रांची एक खास अडचण आहे. जुन्या यंत्रासमोर बसून ठसा काढला तर तो एमडी५ पद्धतीचा, दोन-दोन अंक-अक्षरांच्या जोड्या आणि मध्ये अपूर्णविरामाच्या खुणा अशा रूपात दिसतो. मार्च २०१५ च्या ६.८ पासून नव्या क्लायंटमध्ये तोच ठसा शा-२५६ पद्धतीने, सलग लांब अक्षरमालेत येतो. दोन्ही शेजारी धरले की काहीच जुळत नाही, आणि किल्ली एकच असूनही ती बदलल्याचा ग्रह होतो. नव्या बाजूला एमडी५ ठसा मागता येतो. तो मागून मगच तुलना करावी.

‘फाइलला सगळ्या परवानग्या दिल्या की काम होते’ हा युनिक्सवरचा बहुधा सर्वांत जुना आणि सर्वांत घातक गैरसमज. किल्लीने लॉगिन होत नाही म्हणून होम डिरेक्टरीवर सीएचमॉड ७७७ चालवले जाते आणि त्यानेच किल्लीने लॉगिन करण्याचा रस्ता बंद होतो. एसएसएच सेवा मुद्दाम पाहते की होम डिरेक्टरी, तिच्यातली एसएसएचची लपलेली डिरेक्टरी आणि अधिकृत किल्ल्यांची फाइल दुसऱ्या कोणाला बदलता येते का. येत असेल तर किल्ली बरोबर असूनही ती मानत नाही. डिरेक्टरीला ७००, फाइलला ६०० आणि होम डिरेक्टरीवर मालकाखेरीज कोणालाही लिहिण्याची परवानगी नाही, ही योग्य मांडणी. क्लायंटच्या पडद्यावर खरे कारण कधीच दिसत नाही. नकाराचे कारण परक्याला सांगू नये असाच नियम आहे. ते सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’ अशा शब्दांत लिहिलेले असते. डेबियनवर ऑथ लॉग, रेड हॅटवर ‘सिक्युअर’ आणि जुन्या मॅकवर ‘सिक्युअर डॉट लॉग’ ही फाइल पाहावी. क्लायंटला तीनदा ‘व्ही’ देऊन मिळणारा तपशील चांगला असतो, पण तो अर्धीच बाजू सांगतो.

पासवर्डाची विचारणा व्हायला अर्धे मिनिट लागते तेव्हा दोष जुन्या प्रोसेसरला दिला जातो. प्रोसेसर खरोखर धिमा असू शकतो, पण एवढा नव्हे. जुन्या आवृत्त्यांमधली सेवा येणाऱ्या पत्त्यावरून नाव शोधते, आणि घरगुती नेटवर्कवर ते नाव सांगणारे कोणी नसल्याने ती मुदत संपेपर्यंत थांबते. ‘यूज डीएनएस’ हा पर्याय बंद केला की विलंब जातो. ६.८ पासून तो मुळातच बंद असतो.

घड्याळाबद्दलही असाच घोटाळा आहे. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते. साध्या एसएसएच किल्लीला मुदत नसते, म्हणून लॉगिन चालूच राहते. बंद पडतात त्या एचटीटीपीएसवरून फाइल आणणाऱ्या कमांड, कारण प्रमाणपत्राची मुदत घड्याळाशी ताडली जाते. तारीख बरोबर असूनही हे घडत असेल तर बहुधा यंत्रातली मूळ प्रमाणपत्रांची यादी शिळी झालेली असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ची मुदत संपली आणि लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रे वापरणाऱ्या असंख्य साइट जुन्या यंत्रांवरून एकाएकी उघडेनाशा झाल्या, ते याच कारणाने.

लॉगिन झाल्यावर टर्मिनल गोठले म्हणून खिडकी बंद करण्याची घाई करू नये. चुकून कंट्रोल-एस दाबले गेले असेल तर कंट्रोल-क्यूने ते पुन्हा चालू होते. एडिटर ‘अननोन टर्मिनल टाइप’ म्हणत असेल तर नव्या संगणकाने स्वतःच्या टर्मिनलचे जे नाव पाठवले ते जुन्याच्या यादीत नाही. टर्म या चलात ‘एक्सटर्म’ किंवा ‘व्हीटी१००’ लिहिले की काम भागते. व्हीटी१०० हे डेक कंपनीचे १९७८ चे टर्मिनल आजही जवळजवळ प्रत्येक यादीत आहे.

‘युनिक्स म्हणजे सगळीकडे सारखेच’ हे अर्धसत्य आहे. मॅकवरची साधने बीएसडी घराण्यातली, लिनक्सवरची ग्नूची. सेडने फाइल जागेवरच बदलताना ‘डॅश आय’नंतर मॅकवर बॅकअपचे शेपूट, निदान रिकामे तरी, द्यावेच लागते, लिनक्सवर लागत नाही. उद्याची किंवा कालची तारीख काढण्याचे पर्यायही दोघांचे वेगळे. मॅकवरचा बॅश परवान्यातील बदलामुळे ३.२ वरच थांबला आहे, आणि शब्दांनी अनुक्रमित अॅरे ४.० मध्ये आले, म्हणून लिनक्सवर नीट चालणारी स्क्रिप्ट तिथे कोसळते. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून नाकारली जाते, ती बॅश नसल्यामुळे नव्हे. प्रत्येक ओळीच्या शेवटी राहिलेले कॅरेज रिटर्नचे न दिसणारे अक्षर इंटरप्रिटरच्या नावाला चिकटते. ते काढले की तीच स्क्रिप्ट चालते.

फाइली नेणारी एससीपी कमांड जुन्या सर्व्हरवर ‘सबसिस्टम रिक्वेस्ट फेल्ड’ म्हणून थांबली तर एप्रिल २०२२ च्या ओपनएसएसएच ९.० मधला बदल आठवावा. तेव्हापासून एससीपी आतून एसएफटीपी वापरते. कॅपिटल ‘ओ’ हा पर्याय दिला की ती जुन्या पद्धतीकडे वळते.

मराठी नावांच्या फाइलींचा प्रश्न स्वतंत्र आहे आणि त्यात नुकसान होऊ शकते. यादीत नावाच्या जागी प्रश्नचिन्हे दिसली म्हणजे नाव नष्ट झाले, असे नाही. सत्राची भाषामांडणी यूटीएफ-८ नसल्यामुळे यादी देणारी कमांड ती अक्षरे दाखवायचे टाळते, डिस्कवरचे नाव शाबूत असते. लॅंग या चलात त्या यंत्रावर असलेली यूटीएफ-८ मांडणी लिहावी. जोडाक्षरे तुटलेली दिसत असतील तर तो टर्मिनलच्या चौकटींचा दोष, फाइलचा नव्हे.

खरी अडचण ‘ऱ’ या अक्षरात आहे. ‘दुसऱ्या तिमाहीचा हिशेब’ असे नाव लिनक्सवर दिले तर त्यातला ‘ऱ’ सहसा एकाच संकेतांकाने, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटांत, लिहिला जातो. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइलपद्धती नाव साठवताना त्याची फोड करते: साधा ‘र’ आणि खाली नुक्ता, मिळून ६ बाइट. डोळ्यांना दोन्ही सारखेच. लिनक्स मात्र नावाकडे निव्वळ बाइट म्हणून पाहते. तीच फाइल आरसिंकने परत आणली की एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी-शेजारी दिसतात आणि आरसिंक बिघडले असे वाटते. ‘डिलीट’ पर्याय चालू असेल तर लिनक्सवरची मूळ फाइल काढून टाकली जाते आणि तिच्या जागी फोड केलेल्या नावाची येते. यादी ओडी कमांडमधून पाहिली की बाइटांतला फरक उघड होतो. आरसिंक ३.० पासूनच्या ‘आयकॉन्व्ह’ पर्यायात मॅकची बाजू ‘यूटीएफ-८-मॅक’ आणि दुसरी ‘यूटीएफ-८’ अशी सांगितली की नावे वाटेतच जुळवली जातात. जुन्या मॅकसोबत येणारे आरसिंक २.६.९ आहे, त्यात हा पर्याय नाही. तिथे नवे आरसिंक वेगळे बसवावे लागते आणि कमांडमध्ये त्याचा पूर्ण मार्ग द्यावा लागतो, नाहीतर जुनेच चालते. २०१७ पासूनच्या एपीएफएसवर नाव दिले तसेच राहते, पण एचएफएस प्लसवरून तिथे नेलेली नावे फोड केलेल्या रूपातच उतरतात.