ट्रॅक्टरचे हायड्रोलिक तेल वेळेवर बदला

छत्रपती संभाजीनगराहून दौलताबादकडे जाताना पडेगाव लागते. शहर आता या गावाला येऊन भिडले आहे. त्यामुळे पडेगाव, मिटमिटा, शरणापूर या पट्ट्यातील ट्रॅक्टरला दुहेरी काम पडते. नांगरट व पेरणी आटोपली की त्यालाच ट्रॉली जोडून मुरूम, विटा किंवा शेणखत वाहावे लागते. इंजिनाचे तेल बदलण्याची सवय बहुतेक मालकांना लागली आहे. परंतु मागच्या पेटीतील हायड्रोलिकच्या तेलाकडे लिफ्ट उचलेनाशी होईपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला असता लिफ्ट अडली, तर दुरुस्तीत गेलेले दोन दिवस त्या हंगामात परत मिळत नाहीत.

एक तेल, तीन कामे

हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञाने १९३० च्या दशकात तीन ठिकाणी जोडलेले अवजार तेलाच्या दाबाने उचलण्याची सोय ट्रॅक्टरला केली. आजच्या ट्रॅक्टरची लिफ्ट त्याच तत्त्वावर चालते. पुष्कळ ट्रॅक्टरांत लिफ्टचे तेल व गिअरचे तेल एकच असते. ते नांगर उचलते आणि गिअरच्या दात्यांना वंगण देते. ब्रेक तेलात बुडालेले असतील, तर त्यांच्या चकत्यांना तेच थंड ठेवते. म्हणून तेल बिघडले की केवळ लिफ्ट मंदावते असे नाही, तर ब्रेकही दगा देऊ शकतो. खुलताबादचा घाट भरल्या ट्रॉलीने उतरताना याचा अर्थ काय होतो, हे चालकास सांगावयास नको.

तेल का बिघडते?

उन्हाळ्यातील खोल नांगरटीत तेल तापते व हळूहळू जळते. दिवसा तापलेली पेटी रात्री थंड झाली की आत ओल धरते, आणि पावसाळ्यात सैल झाकणातून पाणीही शिरते. तिसरे कारण सहसा ध्यानात येत नाही. उलटणारी ट्रॉली ट्रॅक्टरचेच तेल घेऊन वर उठते व खाली बसताना ते परत करते. एक ट्रॉली अनेक ट्रॅक्टरांना जोडली जाते, तेव्हा एकाच्या तेलातील पाणी व कचरा दुसऱ्याच्या पोटात जातो. नळीची तोंडे न पुसता जोडल्यास त्यात धूळही मिसळते.

मोजपट्टी पुसून पाहिल्यास बरेच काही कळते. तेल दुधासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. काळे पडून करपट वास आला तर ते जळले आहे. फेस दिसला तर तेल कमी आहे किंवा पंप हवा ओढत आहे. लिफ्ट धक्के देत उचलत असेल, तर आधी तेल व जाळी पाहावी. मगच पंप उघडण्याचा विचार करावा.

केव्हा बदलावे?

पुष्कळ ट्रॅक्टरांसाठी ही मुदत सुमारे १,००० तासांची असते. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत लिहिलेली मुदत अखेरची मानावी. दररोज सरासरी तीन तास काम झाल्यास १,००० तास अकरा महिन्यांत भरतात. मुदत जवळ आली असेल, तर उन्हाळी मशागत संपल्यावर व पेरणीपूर्वी हे काम उरकावे. तेलात पाणी दिसल्यास मात्र मुदतीची वाट पाहू नये.

बदलण्याची रीत

१. ट्रॅक्टर थोडा चालवून तेल कोमट करावे. कोमट तेलाबरोबर गाळ वाहून येतो. तेल फार गरम असल्यास हात भाजतो.

२. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून अवजार जमिनीवर टेकवावे. इंजिन बंद करून किल्ली काढावी व चाकांना उटी लावावी. उचललेल्या अवजाराखाली कोणीही जाऊ नये.

३. नटांभोवतीची माती आधी पुसावी. तेल सोडण्याचे नट एकाहून अधिक असतात. ते सर्व उघडावेत. नटाच्या चुंबकावर बारीक भुकटी असणे स्वाभाविक आहे. लोखंडाचे तुकडे आढळल्यास मिस्त्रीस दाखवावे.

४. जाळी डिझेलने धुऊन पूर्ण वाळवावी व फिल्टर नवा बसवावा. पुसण्यासाठी दोरे सुटणारी चिंधी वापरू नये.

५. नट घट्ट करून, स्वच्छ नरसाळ्यातून खुणेपर्यंत नवे तेल भरावे.

६. इंजिन मंद चालवून रिकामी लिफ्ट आठ-दहा वेळा वर-खाली करावी, म्हणजे आतील हवा निघते. मग लिफ्ट खाली ठेवून, इंजिन बंद करून पातळी पुन्हा पाहावी. गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. दाबाने उडालेली तेलाची बारीक धार कातडीत शिरते. तसे झाल्यास जखम लहान दिसली तरी त्वरित दवाखाना गाठावा.

तेल ज्याचे त्याला

तेलात बुडालेल्या ब्रेकना त्यांच्यासाठीच बनविलेले तेल लागते. स्वस्त म्हणून दुसरे घातल्यास ब्रेक कुरकुरतात व नीट धरत नाहीत. मोटारींचेही तसेच आहे. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्या देशात क्लचचे पायदळ नसलेल्या, साध्याच गिअरपेटीतील गिअर आपोआप बदलणाऱ्या 'एएमटी' पद्धतीच्या मोटारी आल्या. अशा पुष्कळ मोटारींत क्लच व गिअर हलविण्यासाठी थोडेसे वेगळे तेल असते. त्यात ट्रॅक्टरचे तेल कधीही घालू नये. ते काढून भरताना यंत्रणेतील दाब आधी उतरवावा लागतो व हवा काढावी लागते, म्हणून ते काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे.

जुन्या तेलाचे काय?

जळके तेल बांधावर ओतणे किंवा जनावरांच्या जखमेला लावणे सोडून द्यावे. ते जमिनीत मुरून विहिरीपर्यंत पोहोचते. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. झाकणाच्या डब्यात साठवून ते अधिकृत संकलकाकडे द्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक ट्रॅक्टरमालकास एक वही ठेवावयास सांगावे. तीत तारीख, मीटरचे तास, तेलाचे नाव व लिटर एवढेच लिहावे. पेरणीपूर्वीच्या बैठकीत ही वही उघडून पाहिली, तर कोणाच्या ट्रॅक्टरची मुदत भरत आली आहे ते वेळीच कळेल.